माझा राग आणि अक्काचं जबलपूर

माझा राग आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होता. बेंगळूरच्या पेठेतली ती अरुंद गल्ली. पुढे अण्णांचं शिंपीकामाचं दुकान, मागे आम्ही राहायचो. माझा आवाज चढला की समोरचा भांडीवाला कन्नडमध्ये ओरडून विचारायचा, "काय, आज पण सुरू झालं का?" मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. लहानपणी ही पोर म्हणजे अगदी गरीब गाय होती, असं आई शपथेवर सांगायची. बारावं सरलं आणि कुणी माझ्या पोटात चूल पेटवून दिली कोण जाणे. भाजीत मीठ कमी पडलं, राग. वेणी सैल झाली, राग. कुणी "काय झालं गं?" विचारलं की राग, आणि कुणी विचारलंच नाही तर मग बघायलाच नको.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्या घराण्यात किती पिढ्या कापड कापत आल्या ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आलो म्हणायचे, आणि कुणी पुरावा मागितला तर हातातली कात्री दाखवायचे. त्यांच्या दुकानात एक कायदा होता. राग आलेल्या माणसाने कात्रीला हात लावायचा नाही. मग तो कारागीर असो, नाहीतर ते स्वतः. ज्याला राग आलाय त्याने कोपऱ्यात बसून काजं करायची. बटणासाठी चीर पाडलेली असायची, तिच्या कडेने टाक्याला टाका लावून रेशमी दोरा घट्ट विणत न्यायचा. एक काज नीट करायचं तर श्वास आपोआप संथ करावा लागतो. दोन काजांत माणूस विझतो, असं अण्णांचं म्हणणं होतं. मला सहा लागायची. त्या दोन वर्षांत पेठेतल्या किती सभ्य गृहस्थांच्या कोटांची बटणं माझ्या रागावर लागली असतील, देवालाच माहीत.

मी कोपऱ्यात बसले की समोर येऊन बसायची अक्का. माझी थोरली बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती बोलायची नाही, फक्त सुईत दोरा ओवून माझ्या पुढ्यात ठेवायची. माझं नाक फुरफुरायचं, डोळ्यांतून पाणी गळायचं, टाके वाकडे पडायचे. ती ते वाकडे टाके निमूट उसवायची आणि दुसरी सुई पुढे करायची. मग केव्हातरी म्हणायची, "स्वल्प हसलीस तर काय दात पडतील का?" आणि मी मेली हसायचे. जगात मला विझवता येणारं ते एकच माणूस होतं. माझा सगळा जीव तिच्यात होता, आणि हे मी तिला आयुष्यात कधी धड शब्दांत सांगितलं नाही.

अठ्ठावन्न सालची गोष्ट. अक्काचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा मल्लेश्वरमचा, आमच्यातलाच, एका कारखान्यात कारकून. मल्लेश्वरम म्हणजे आमच्या घरून एका बसचा रस्ता. सकाळी निघालं तर तिच्या हातची कॉफी पिऊन दुपारच्या जेवणाला परत. हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की अक्का जाणार.

आमच्या घराण्यांत एक रीत होती. नवऱ्या मुलाचा कोट मुलीकडच्यांनी शिवायचा. कापायचा मुलीच्या बापाने, आणि काजं करायची मुलीने स्वतः. साखरपुड्याला तो कोट ताटात घालून न्यायचा. मुलगा सगळ्यांसमोर तो अंगात घालतो आणि मुलाची बहीण बटणं लावते. बटणं काजात बसली की बोलणी पक्की, मग पेढे. जुन्या बायका सांगायच्या की पूर्वी एखाद्या मुलीला स्थळ नकोच असलं, तर तोंडाने बोलायची सोय नव्हती. ती काज अर्धं सोडायची. मोठी माणसं समजायची आणि ताट परत न्यायची. हे आमच्या शेंबड्या पोरांनाही पाठ होतं. मलाही होतं.

त्या दिवशी मी शाळेतून आले. अक्का मागच्या पडवीत बसून त्या कोटाचं शेवटचं काज संपवत होती आणि गुणगुणत होती. दर वर्षी आम्ही दोघी लालबागेत फुलांचं प्रदर्शन बघायला जायचो. मी विचारलं, "शनिवारी किती वाजता निघायचं?" ती हसली. म्हणाली, "या वर्षी तू आईबरोबर जा. साखरपुडा झाला की शनिवारी त्यांच्याकडचे आपल्याकडे येणार आहेत. आणि माझ्या पदराला धरून किती दिवस हिंडणार आहेस तू? साकु आता!"

बस्, एवढंच. साकु म्हणजे पुरे. रोज दहा वेळा आमच्या घरात निघणारा शब्द. पण तिने तो हसत म्हटला, आणि ते हसू मला उद्देशून नव्हतं. ते त्या मल्लेश्वरमच्या माणसासाठी होतं. काज संपवून ती कॉफी ठेवायला आत गेली. माझ्या कानांत गूं आवाज सुरू झाला. कोट समोर होता, दोरे कापायची छोटी कात्री त्याच्यावर होती. मी पाचही काजांच्या टोकाची गाठ कापली आणि प्रत्येक चीर बोटभर पुढे फाडली. मिनिटसुद्धा लागलं नाही. मग कोटाची घडी घातली, वरून मलमलचं फडकं टाकलं, आणि पाय धुवायला मोरीवर गेले. मला ती रीत माहीत नव्हती का? होती. अक्का आवडत नव्हती का? जिवापाड आवडत होती. पण त्या मिनिटाला जे जे मला माहीत होतं, त्यातलं काही म्हणजे काही माझ्या मदतीला आलं नाही.

पाय धुता धुताच राग उतरला आणि त्याच्या जागी भीती आली. सांगायला दोन दिवस होते. मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत साखरपुडा उजाडला.

मल्लेश्वरमच्या त्या घरात मुलाने कोट अंगात घातला. त्याची बहीण हौसेने पुढे झाली. पहिलं बटण काजात गेलं आणि सरकन बाहेर आलं. ती हसली, पुन्हा लावलं. पुन्हा बाहेर. दुसरं लावलं, तेही बाहेर. सगळी शिंप्यांचीच घरं. कोटाला काय झालंय हे कुणाला समजावून सांगायला नको होतं. मुलाच्या काकांनी कड बोटावर घेऊन पाहिली आणि अक्काकडे बघून शांतपणे विचारलं, "पोरी, तुझ्या मनात नव्हतं तर आधी सांगायचं नाही का?"

अक्काने कोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. एकदाच. ती म्हणाली, "मीच कापली."

आम्ही जटक्यात, म्हणजे टांग्यात बसून घरी आलो. आईने तोंडावर पदर घेतला होता. घरी आल्यावर मी अक्काच्या पायांवर पडले. तिने मला उठवलं आणि म्हणाली, "गप्प. तू चौदा वर्षांची आहेस. रागात कोट फाडणारी मुलगी म्हणून एकदा नाव झालं की जन्मभर चिकटतं. माझं काय, माझं होईल कुठेतरी." तेवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण ती थांबली नाही. "मला तो आवडला होता गं," ती म्हणाली. हे ती पुन्हा कधी बोलली नाही, मला मात्र आजतागायत ऐकू येतं.

ठरलेल्या साखरपुड्याला नाही म्हणणाऱ्या मुलीला बेंगळूर-म्हैसूर-तंजावरात आमच्यातलं कोण करून घेणार? वर्षभराने कुणाच्या तरी ओळखीने जबलपूरचं स्थळ आलं. माणूस सज्जन, खाऊनपिऊन सुखी, पण जबलपूर! गाड्या बदलत दोन रात्री आणि तीन दिवस. अक्का गेली. दर महिन्याला पत्र यायचं, त्यात हवापाण्याची खबर आणि शेवटी "धाकटीचा राग कसा आहे?"

माझी नात मेंदूची डॉक्टर व्हायला शिकतेय. एचएसआर लेआउटमध्ये राहते, आठवड्यातून एकदा येते आणि माझ्या हातचं पिठलं खात खात मला शहाणी करते. परवा तिने लाइटच्या बिलाच्या पाठीवर मेंदू काढून दाखवला. म्हणाली, आज्जी, राग, भीती, हौस हे सगळं जिथे उसळतं तो आतला भाग वयात येताना एकदम जोरात चालायला लागतो. आणि त्याला "थांब गं बाई" म्हणणारा, पुढचा-मागचा विचार करणारा भाग असतो इथे, कपाळामागे. तो सगळ्यात शेवटी पिकतो, पार पंचविशीपर्यंत पिकत असतो. दोघांमधले रस्तेसुद्धा हळूहळू बांधले जातात. मी म्हटलं, "म्हणजे घोडं आधी येतं आणि लगाम दहा वर्षांनी?" ती म्हणाली, "साधारण तसंच." मी म्हटलं, वा, छान सोय आहे हो तुमच्या देवाची! नात हसली. मला काही हसू आलं नाही. चौदाव्या वर्षी हे कुणी सांगितलं असतं तरी मी कोट कापलाच असता, हे मला पक्कं ठाऊक आहे. आणि त्यात माझी चूक नव्हती असं नात म्हणते, तेही मला पटत नाही.

पण ते रस्ते बांधले जाताना मी स्वतः पाहिलेत, हे मात्र खरं. आधी राग यायचा, हात चालायचा, आणि पश्चात्ताप नंतर, मोरीवर. सोळाव्या-सतराव्या वर्षी एक गंमत झाली. मी आईवर ओरडत होते आणि मध्येच मला माझाच आवाज ऐकू आला. थांबता आलं नाही, पण ऐकू आला. पुढे पुढे तो आधी ऐकू यायला लागला. तोंड उघडण्यापूर्वी एक फट दिसायची, एवढीशी, सुईच्या नेढ्याएवढी, आणि त्यातून मला पुढचं सगळं दिसायचं: आईचा चेहरा, भांडीवाल्याचं हसणं. विसाव्या वर्षी ती फट एवढी मोठी झाली की मी तिच्यात आरामात बसायला लागले. त्या वर्षी अण्णांनी मला समोर बसवलं आणि मोठी कात्री माझ्या हातात दिली. मला रडू फुटलं. मी म्हटलं, "अण्णा, ती काजं मी कापली होती." अण्णा खडूने कापडावर रेघ ओढत होते, ती त्यांनी पुरी केली. म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. अक्काचा हात असा कापत नाही. पण तिने एवढ्या माणसांत शब्द दिला, तो मी कसा मोडू?" आणि मग म्हणाले, "काप."

मी चांगली कापायला शिकले. मॅट्रिक झाले होते, इंग्रजी बोलता यायचं, म्हणून कंटोन्मेंटमधल्या एका दुकानात बायकांचे कपडे बेतायला लागले. मडमा फार त्रास द्यायच्या. एकीने शिवलेला झगा माझ्या अंगावर फेकला, तरी मी हसून टेप उचलली. लोक म्हणायचे, किती शांत मुलगी आहे! गल्लीतला भांडीवालासुद्धा म्हणाला, "अय्यो, आता करमत नाही हो तुमच्या आवाजाशिवाय." मला अभिमान वाटायचा. खरं सांगू का? खूपच वाटायचा.

अडुसष्ट साली उन्हाळ्यात अक्का महिनाभर माहेरी आली, दोन मुलांना घेऊन. नऊ वर्षांत तिसऱ्यांदा. आली त्याच दिवशी तिने सांगितलं की भावोजींना त्यांच्या कंपनीने बेंगळूरची बदली देऊ केली आहे. हवी की नको, ते पंधरा दिवसांत कळवायचं होतं. भावोजी म्हणाले होते, "तू माहेरी जाते आहेस, तिथे बघ, विचार कर आणि तार कर. तू म्हणशील तसं." म्हणजे सगळं अक्कावर होतं. आणि अक्काने विचारलं कुणाला? मला. आम्ही दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. ती म्हणाली, "तुला काय वाटतं? यावं का मी इकडे?"

माझ्या पोटातलं ते जुनं धूड उठून उभं राहिलं. ये! अगं वेडे, विचारतेस काय, आजच ये! हे मी तोंडातून काढणारच होते. पण ती फट दिसली, आणि फटीत दिसला तो मल्लेश्वरमचा कोट. मी मनाशी म्हटलं, एकदा माझ्या हवं-नकोपायी हिचं वाटोळं झालं. या वेळी माझं मन मध्ये आणायचं नाही. हिच्या भल्याचं तेवढंच बोलायचं. आणि मी बोलले, बाई! काय शहाण्यासारखं बोलले! मुलांच्या शाळा हिंदीतून चालल्यात, इथे त्यांना कन्नड जड जाईल. भावोजींना तिथे मान आहे. तुझं स्वतःचं अंगण आहे. "पण सरी, ठीक आहे, तुला बरं वाटेल तसं कर," मी म्हटलं, आणि चिमटा लावला. अक्काने ओला टॉवेल पुन्हा एकदा पिळला आणि दोरीवर टाकला. मग म्हणाली, "हो, तेही खरंच."

त्या पंधरा दिवसांत तिने मला आणखी तीनदा विचारलं. एकदा कॉफी पिताना, एकदा मुलांना न्हाऊ घालताना, एकदा देवळातून येताना. तिन्ही वेळा मी तेच शहाणपण तिला वाढलं. प्रत्येक वेळी 'ये' म्हणायचं तोंडावर आलं आणि प्रत्येक वेळी मी ते बिनबोभाट गिळलं. मला वाटलं, मी तिचं ऋण फेडतेय.

चौदाव्या दिवशी आम्ही तार करायला पोस्टात गेलो. तारेचा मजकूर इंग्रजीत लिहायचा होता. अक्काला इंग्रजी नीट यायचं नाही. तिने फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "तूच लिही." मी विचारलं, "काय लिहू?" तिने माझ्याकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं, आमच्यामागे रांग खोळंबली होती तरी. मग म्हणाली, "नको म्हणून लिही." मी बदली नको, जबलपूरच बरं, असं लिहिलं. अक्षर सुरेख आलं.

ती निघाली त्या दुपारी मी तिला स्टेशनवर पोचवायला गेले. इडल्यांचा डबा दिला, फिरकीच्या तांब्यात पाणी भरून दिलं, मुलांना खिडकीतून हात बाहेर काढू नका म्हणून बजावलं. सगळं व्यवस्थित. शिट्टी झाली तेव्हा अक्का खिडकीच्या गजाला धरून म्हणाली, "मला यायचं होतं गं."

मला काही समजेना. मी म्हटलं, "मग तू विचारलंस तेव्हा..."

"चार वेळा विचारलं. म्हटलं, एकदा तरी ही आदळआपट करील, पाय आपटील, जाऊ नकोस म्हणेल. तार लिहितानासुद्धा मला वाटलं, आता ही फॉर्म फाडते. तू सुरेख अक्षरात लिहीत बसलीस. मला वाटलं, हिला आता मी नकोय." ती रडत नव्हती. माझ्या गालावर तिने हात ठेवला. "किती गुणी झालीस तू."

गाडी हलली. आणि मग मी ओरडले. चोवीस वर्षांची घोडी मी, इस्त्रीची साडी नेसून, गाडीबरोबर धावत भर प्लॅटफॉर्मवर बोंबलले, "अक्का, जाऊ नकोस! मला तू हवी आहेस! उतर! आत्ता उतर!" हमाल थांबून बघायला लागले. कुणी म्हातारी "अय्यो पापा, बिचारी!" म्हणाली. अक्काने ऐकलं. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला, हसायला लागली आणि हसता हसता ढसाढसा रडायला लागली, आणि गाडी प्लॅटफॉर्म सोडून गेली.

मी स्टेशनवरून तशीच तारघरात गेले. कुणाला न विचारता भावोजींना तार केली: पहिली तार रद्द, बेंगळूर घ्या. अक्षर बिघडून दोन फॉर्म खराब झाले. अक्का घरी पोचण्याआधी ती तार पोचली. पण भावोजींचा नकार पंधरा दिवसांपूर्वीच कंपनीकडे गेला होता आणि ती जागा नाशिकच्या कुणा गृहस्थांना मिळाली होती. भावोजींनी साहेबांकडे खेपा घातल्या, बिचाऱ्यांनी फार धडपड केली. मग अक्काचं पत्र आलं. "तुझी तार मिळाली. जमलं नाही. पण ती मी वाचून घेतली शेजारच्यांकडून, दोनदा." त्यानंतर ती बेंगळूरला चार वेळा आली, चारही वेळा परतीचं तिकीट काढूनच.